वरची पट्टी

शनिवारी साडेनऊला चिपळूणची गाडी येणार होती, आणि आठ वाजता मी कपाटासमोर उभी राहून आरशाच्या चौकटीवर बोट टेकवून बघत होते. रंग वाळला होता. कोयनेच्या ओल्या हवेत ऑइल पेंट आठ-आठ दिवस बोटाला लागतो. नेमका हाच तिसऱ्या दिवशी खडखडीत.

"निघतो का?" मागून ह्यांनी विचारलं. अंगात बनियन, हातात चहाची बशी.

"टर्पेंटाइननं आता नाही निघायचा."

"थिनरनं?"

"थिनरनं निघेल. खालचं नावही निघेल."

ह्यांनी बशीतला चहा संपवला. जयसिंगराव शेडग्यांची ही रीतच होती. समोर काहीही येऊन उभं राहिलं तरी आधी हातातलं संपवायचे, मग बघायचे.

"दिनकरनं ते नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं," ते म्हणाले.

"हे बुधवारी सांगायचं."

"बुधवारी तू विचारलंस कुठं?"

ते खरंच होतं. मी विचारलं नव्हतं, कारण मला उत्तर नको होतं.

तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. वय एकतीस, म्हणजे कराडात ज्या मुलींविषयी बायका आवाज खाली करून बोलतात त्यातली मी. ह्यांची पहिली बायको हेमलता तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. मागं एक मुलगी, उज्ज्वला, दहा वर्षांची. धरणाच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, ह्यांची स्टोअरमधली नोकरी, आणि बाहेरच्या खोलीत हे कपाट. एका दाराला वरपासून खालपर्यंत आरसा, आरशाभोवती चार बोटं रुंद पत्र्याची चौकट, आणि वरच्या पट्टीवर लाल अक्षरं: 'चि. हेमलता हिस दादाकडून'. दादा म्हणजे तिचा भाऊ, दिनकर सुर्वे. चिपळूणला त्याचा कपाटं बनवायचा कारखाना होता. बहिणीच्या लग्नातलं कपाट त्यानं पत्रा कापण्यापासून नाव घालण्यापर्यंत स्वतः केलेलं.

आता माझ्याविषयी. माझे वडील कराडचे ताटे पेंटर. ट्रकांच्या पाठी, दुकानांच्या पाट्या, लग्नातल्या कळशांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या, एक अक्षर आणि दुसरी मोजायची सवय. पाटीवर अक्षरं किती, मधे जागा किती, काठाला किती सोडायचं, हे आधी मोजल्याशिवाय ब्रश बुडवायचा नाही. समोर पाटी नसली की मी माणसं मोजते. उजू पहिल्या महिन्यात माझ्याशी एकूण एक्केचाळीस शब्द बोलली, त्यातले एकोणीस 'हो' आणि बारा 'नको'. दुसऱ्या महिन्यात साठ. मला हाक कशानं मारायची हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, म्हणून ती हाकच मारत नसे. पोळी हवी असली तर रिकामी ताटली जमिनीवर जरा वाजवायची.

तिसऱ्या महिन्यात मी तिच्या वह्यांवर नावं घालून दिली. तिनं आभार वगैरे मानले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चार मुलींच्या वह्या दप्तरातून काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "ह्यांच्यावर पण. पण माझ्याएवढं चांगलं नको." मी ते बारकाईनं मोजलं. सहा शब्द, आणि त्यात 'माझ्याएवढं'.

कपाटाशी मात्र माझं जमत नव्हतं. मी उंच. कुंकू लावायला आरशासमोर उभी राहिले की कपाळाच्या बरोबर वर ते नाव यायचं. लग्नात सासूबाईंनी हेमलताच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला होता. दुसरेपणाच्या बायकोला तो बांधतात, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. गळ्यातलं पदराखाली जातं. कपाळावरचं कुठं न्यायचं?

बुधवारी शाळेला सुट्टी होती आणि दिवाळीची झाडझूड काढली होती. कपाटाच्या पायाशी गंज आला होता, खरोखरच आला होता. मला तेवढं निमित्त पुरलं. फिक्या पिस्ता रंगाचा डबा आणला. बाजूच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, खालची घासली. वरच्या पट्टीला पेपर लावला नाही. अक्षरं घासून काढायची हिंमत नव्हती. नुसती झाकायची होती.

उजू दारात उभी राहून बघत होती. कधी नव्हे ते म्हणाली, "मी पुसू का?"

मला बरं वाटलं. फडकं तिच्या हातात दिलं आणि चुलीवरचं दूध बघायला आत गेले. दूध उतू जायला आलं होतं, मग सायीचं भांडं शोधण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा ती स्टुलावरून उतरत होती. "पुसलं," म्हणाली आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

मी आधी डावी बाजू रंगवली, मग उजवी, मग खालची. शेवटी स्टुलावर चढले. वरच्या पट्टीवर ब्रश टेकवला आणि तो जरा अडखळला. मी थांबले. आरशात बघितलं. उजू आरशातूनच माझ्याकडे बघत होती. दोघींपैकी कुणी नजर काढली नाही. मग मी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. बाकीच्या चौकटीला एक हात दिला होता. वरच्या पट्टीला दोन दिले.

गुरुवारी पत्र आलं. चिपळूणच्या गाडीचा एक कंडक्टर सुर्व्यांच्या आळीतला होता. तो इकडून तिकडे काय काय नेत असेल याची मला तोवर कल्पना नव्हती. पत्रात चार ओळी होत्या. 'उजू घरात बोलत नाही असे कानावर आले. माझ्या बहिणीची एवढी एकच खूण राहिली आहे. शनिवारी सकाळी येतो व तिला कायमची घेऊन जातो. शाळेचा दाखला काढून ठेवावा.'

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि हातातली सुपारी संपवली.

"तुम्ही काय ठरवलं?" मी विचारलं.

"मी काय ठरवणार? पोर आनंदात असती तर गोष्ट वेगळी. तो येऊन बघेल आणि ठरवेल."

"आणि आल्या आल्या काय बघेल?"

ह्यांनी कपाटाकडे बघितलं, मी कपाटाकडे बघितलं. पिस्ता रंगाची पट्टी इतकी कोरी दिसत होती की नुसत्या कोरेपणानंच ती काहीतरी सांगत होती.

खोटं कशाला बोलू? पत्र वाचल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात हिशेब झाला तो सोयीचा. दोन माणसांचा स्वयंपाक, दोन ताटं, कपाळावर काही नाही. मी तो पुरता करून बघितला. बेरीज बरोबर येत होती. पण शुक्रवारी संध्याकाळी उजू शाळेतून आली, पायऱ्यांवर चपला आपटून चिखल झाडला, नेहमीसारखा चार वेळा, आणि मी आत पीठ मळता मळता ते चार मोजले. सोमवारी काय मोजणार, असं मनात आलं, आणि पीठ सैल झालं.

ह्यांनी तिला सांगितलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात रिकामी पिशवी.

"माझे कपडे कोण भरणार?"

"तू भर. नाहीतर तुझे बाबा."

"बाबांना घडी येत नाही."

"मग राहू दे तशीच."

"तुम्हाला येते की."

"मला येते. पण मी भरणार नाही."

"का?"

पाटी रंगवताना एक अक्षर चुकलं की सगळी पाटी जाते, तसा तो प्रसंग होता. मी मोजूनमापून बोलले. "तुला जायचं असलं तर जा. तुला कुणी धरून ठेवणार नाही. पण तुझी पिशवी माझ्या हातून भरायची नाही. मी भरली तर मी पाठवलं असं होईल."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. पिशवीची नीट चौकोनी घडी घातली आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिली. त्यावरून काय समजायचं ते मला कळेना.

शनिवारी गाडी वेळेवर आली. चांगली माणसं येणार असली की ती तासभर उशिरा यायची.

दिनकर सुर्वे बारीक, काळासावळा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारके पांढरे डाग. दारात चपला काढल्या. उजू धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या डोक्यावरून घरभर नजर फिरवली. माझ्या गळ्यातल्या टाकावर ती क्षणभर थांबली.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ठेवा तिथं, बाई," तो म्हणाला. "घेतो मागनं."

त्या 'बाई'त आणि त्या 'मागनं'त सगळं आलं. ज्या घरातून भांडून निघायचं असतं त्या घरचं पाणी कुणी आधी पीत नाही.

तो सरळ कपाटाकडे गेला. आमच्याकडे अधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात म्हणून कपाट भिंतीला तारेनं बांधलेलं होतं. त्यानं तार ओढून बघितली.

"कुणी बांधली?"

"मी," हे म्हणाले.

"घट्ट आहे."

आमच्या वाट्याला आलेला चांगला शब्द तेवढाच. मग त्यानं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, बिजागरीचा आवाज कान देऊन ऐकला. खालच्या खणातली घडी घातलेली पिशवी त्याला दिसली.

"पिशवी भरली नाही का गं?"

"नाही," उजू म्हणाली.

"का?"

"ह्यांनी भरून दिली नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या हिशेबात आणखी एक गोष्ट माझ्या नावावर जमा झाली ती मला समोर दिसली. मग त्यानं आरशावरून बोट फिरवलं. "काचेवर रंगाचा एक थेंब नाही," तो म्हणाला. "हात चांगला आहे." पोलिसानं चोराच्या सफाईची तारीफ करावी तसं म्हणाला. आणि मान वर केली.

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालला होता.

"इथं काहीतरी लिहिलेलं होतं."

"होतं," मी म्हटलं.

"गंज आला होता," हे घाईनं म्हणाले. "इथली हवा तुम्हाला ठाऊकच आहे, पावसाळाभर—"

"दाजी, गंज मला नका सांगू. हा पत्रा मी कापलाय. गंज पायाशी येतो. डोक्याशी कुठून येईल?"

ह्यांच्या हातात संपवायला काही नव्हतं.

"रंग द्यायला कुणी सांगितलं?" दिनकरनं विचारलं. विचारलं ह्यांना, बघितलं माझ्याकडे.

माझ्याकडे उत्तरं तीन होती. सासूबाई म्हणता आलं असतं. त्या पाटणला होत्या, विचारायला कोण जाणार? गप्प राहता आलं असतं, मग ते ह्यांच्यावर गेलं असतं. तिसरं खरं होतं. मी तोंड उघडलं.

"मी," उजू म्हणाली.

"तू काय?"

"मी सांगितलं. सगळी चौकट एका रंगाची करा म्हणून."

"आणि आईचं नाव?"

उजू उत्तर द्यायला थांबली नाही. स्टूल ओढत आणलं, दप्तरातली स्टीलची पट्टी काढली आणि वर चढली. दिनकरनं तिला धरायला हात पुढं केला. तिनं तो कोपरानं बाजूला सारला. पट्टीचं टोक रंगाच्या कडेखाली घातलं, जरा उचललं, नखात धरलं आणि ओढलं. कपाळपट्टीवरचं बाशिंग सोडवावं तसा तो पिस्ता रंग सलग, एकसंध निघत गेला. खाली मळकट पांढरं काहीतरी सारवलेलं होतं. तिनं फ्रॉकच्या कडेनं जोरात पुसलं. लाल अक्षरं वर आली, पहिल्यापेक्षाही चकचकीत. चि. हेमलता हिस दादाकडून. एक काना, एक मात्रा गेली नव्हती.

सुटलेली रंगाची पट्टी दिनकरच्या तळहातावर होती. त्यानं ती उलटी करून नखानं खरवडली.

"मेण," तो म्हणाला.

"मेणबत्तीचं," उजू म्हणाली. "तू कुलपाला लावायचास ना, रंग देताना. रंग बसू नये म्हणून."

आमच्या गावात वीज तयार होते, म्हणूनच की काय, घराघरात मेणबत्त्यांची थोटकं फार. त्यातलं एक तिनं बुधवारी, मी दूध बघत असताना, त्या अक्षरांवर उभं-आडवं घासलं होतं.

"मग बुधवारीच का नाही काढलास?"

"ओला असताना ओढला तर फाटतो. तूच सांगितलंयस. तीन दिवस थांबायचं."

दिनकरला हसू येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. त्यानं तोंड वळवलं, तर समोर आरसा. त्या खोलीत माणसाला तोंड लपवायला जागा नव्हती. मग माझ्याकडे वळला तो कारागीर होऊन वळला.

"बाकी चौकटीला एकच हात दिसतोय."

"एकच आहे."

"आणि वर?"

"दोन."

"पातळ दिला असता तर ह्याच्या चिंध्या झाल्या असत्या. खरवडावं लागलं असतं, आणि खरवडताना अक्षर गेलं असतं. जाड होता म्हणून सलग आला." त्यानं ती पट्टी उजेडात धरली. "तुम्ही पेंटरच्या लेक. खाली मेण आहे हे ब्रशला कळल्याशिवाय राहिलं नसेल."

"कळलं."

"आणि म्हणून दोन हात दिलेत?"

स्टुलावरून उजू माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी आरशातून नाही, सरळ.

"हो," मी म्हटलं.

दिनकरनं कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि वरून घटाघटा पाणी प्यायला. अर्धा तांब्या. मग खाली बसला.

"पिशवी भरायची का?" त्यानं उजूला विचारलं. आवाजात आता जोर नव्हता.

"सोमवारपासून सहामाही आहे," ती म्हणाली.

तो जेवला, दोन वेळा आमटी घेतली, आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. निघताना म्हणाला, "भाऊबिजेला हिला पाठवा, ताई. चार दिवस. मी स्वतः आणून सोडतो." पायरी उतरला आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, पायाशी रेड ऑक्साइड लावा. तिथं खरंच गंज आहे."

त्या खोलीत त्या सकाळी दोन खोटी बोलली गेली. एक उजूचं, ते तुम्ही ऐकलंत. दुसरं माझं.

बुधवारी ब्रश अडखळला तेव्हा मेण आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. दहा वर्षांची पोर माझ्याच हातातलं फडकं घेऊन मला फसवून गेली होती, आणि वर दारात उभी राहून मी फसते का ते बघत होती. मला संताप आला. दुसरा हात मी दिला तो अक्षर वाचवायला नाही. लाल खालून डोकावत होतं. ते पुरतं बुडावं म्हणून ब्रश दाबून, दात आवळून दिला. दिनकरचं खरं होतं, त्या जाडपणामुळंच नाव वाचलं. पण त्याचं श्रेय माझ्या रागाला होतं, माझ्या चांगुलपणाला नव्हतं. शनिवारी सकाळी रंग खडखडीत वाळल्यावर नुसत्या नखाचं काम होतं. मी ओढला असता तरी निघाला असता. नाही ओढला. कारण मग उजूला कळलं असतं की मला कळलं होतं, आणि कळूनही माझा हात थांबला नव्हता. मी आपली अब्रू झाकत बसले होते आणि मनाला सांगत होते, मेण तिचं आहे, तिचं तिनं बघावं.

दिनकर मला ताई म्हणत राहिला आणि दर भाऊबिजेला माझ्या ताटाखाली साडीची घडी ठेवत राहिला, जाईपर्यंत. ते खोटं मी त्याच्यापाशी कधी फेडलं नाही.

कपाट आता उजूच्या कराडच्या घरी आहे. ह्यांच्या माघारी मी पण तिथंच आहे. आरसा एकदा बदलला. चौकट आजवर पाच वेळा रंगवली. उजू मला आई म्हणत नाही, मावशी म्हणत नाही. 'अगं' म्हणते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मोजायचं राहून गेलं.

गेल्या दिवाळीत पाचव्यांदा रंगकाम काढलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण हात अजून हलत नाही. उजूनं मेणबत्तीचं थोटूक घेतलं, स्टुलावर चढली, वरच्या पट्टीवर उभं-आडवं घासलं, बोटानं चाचपून बघितलं आणि खाली उतरली. मला हाताला धरून वर चढवलं, ब्रश दिला, आणि डबा घेऊन शेजारी उभी राहिली. मी पट्टीवर ब्रश टेकवला. तो अडखळला, नेहमीसारखा.

आरशात बघितलं. उजू आरशातून माझ्याकडे बघत होती.

"अगं, पातळ नको देऊस," ती म्हणाली. "तेव्हा दिला होतास तसा दे. रागानं."